‘ताई, उद्या जमणार नाही’: स्वतंत्र फ्लाइट इन्स्ट्रक्टरची पहिली दोन वर्षं

सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर मी विमान चालवायला शिकवते. आधी एका फ्लाइट स्कूलमध्ये नोकरी केली आणि फेब्रुवारी २०२३ पासून स्वतंत्र झाले. अलीकडे नव्यानं इन्स्ट्रक्टर झालेल्या तिघांचे फोन आले. तिघांनाही एकच विचारायचं होतं: विद्यार्थी आयत्या वेळी रद्द करतात, मग महिन्याचं गणित बसवायचं कसं? मला हे थोडंफार जमायला दोन वर्षं लागली. त्यात माझं नुकसान झालं ते झालंच, पण विद्यार्थ्यांचं त्याहून जास्त झालं, आणि ते मला उशिरा दिसलं. म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. तिकडे वैमानिकाचं प्रशिक्षण डीजीसीएनं मान्यता दिलेल्या संस्थेतच होतं. बारामतीला शिकणारा मुलगा तिथेच राहतो, हवा उघडली की हँगरपाशी हजर असतो. अमेरिकेत एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेच्या नियमांमधल्या ‘पार्ट ६१’ खाली प्रमाणपत्र असलेल्या इन्स्ट्रक्टरला कुठल्याही संस्थेशिवाय शिकवता येतं. विद्यार्थी क्लबचं विमान तासावर भाड्यानं घेतो आणि इन्स्ट्रक्टरला वेगळे पैसे देतो. माझे विद्यार्थी जवळजवळ सगळे नोकरी करणारे. घर, मुलं, ऑफिस यांच्यानंतर त्यांच्या आयुष्यात विमान येतं, आणि तसंच असायला हवं. माझं घरभाडं मात्र त्या शेवटच्या क्रमांकावर अवलंबून असतं.

२०२३ चा जानेवारी कागदपत्रांत गेला. दुसऱ्याच्या विमानात शिकवताना इन्स्ट्रक्टरची जबाबदारी धरणारा विमा काढला. वर्षाला काहीशे डॉलर जातात, पण क्लबच्या विम्यात आपण येतो की नाही हे प्रत्येकानं आधी लेखी विचारून घ्यावं. शहराकडे व्यवसायाची नोंद केली, वेगळं बँक खातं उघडलं, शिकवण्याचा दर तासाला ८५ डॉलर ठरवला. क्लबचं सेसना १७२ इंधनासकट तासाला १९० डॉलर. म्हणजे माझ्याबरोबरचा हवेतला एक तास विद्यार्थ्याला २७५ डॉलरला पडतो. खासगी परवान्यासाठी एफएएची किमान अट ४० तासांची आहे, पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला साठ-सत्तर तास सहज लागतात.

सात विद्यार्थी आधीच ठरलेले होते. मार्चचं कॅलेंडर उघडलं तर ३४ स्लॉट भरलेले, प्रत्येकी अडीच तासांचे. मी त्या आकड्यावर विसंबून स्कूलची नोकरी सोडली होती.

त्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात काय पाऊस झाला ते इथल्या लोकांना आठवत असेल. डिसेंबरच्या अखेरीपासून पॅसिफिकवरून एकामागून एक ‘अ‍ॅटमॉस्फेरिक रिव्हर’ (पाऊस घेऊन येणारे बाष्पाचे लांब पट्टे) येत राहिल्या आणि मार्चमध्येही थांबल्या नाहीत. ३४ पैकी १५ स्लॉटमध्येच प्रत्यक्ष उड्डाण झालं. रद्द झालेल्या १९ पैकी ११ हवेमुळे गेले. त्याबद्दल कुणाला काय बोलणार? उरलेले आठ विद्यार्थ्यांनी रद्द केले होते, बहुतेक आदल्या रात्री अकराच्या सुमारास. "ताई, उद्या जमणार नाही, रिलीज आहे." "सॉरी, मुलाला ताप आहे." "ऑन-कॉल लागलंय, शनिवारी चालेल का?" प्रत्येक कारण खरं होतं. प्रत्येक वेळी मी "काही हरकत नाही, काळजी घे" असं लिहिलं आणि फोन उलटा ठेवून दिला.

रद्द झालेल्या वेळेचे पैसे मागावेत असं मनात यायचं, पण धीर व्हायचा नाही. सातपैकी चार विद्यार्थी मराठी. एकाच्या घरी आम्ही संक्रांतीला तिळगूळ घेऊन आलो होतो. जो मला ताई म्हणतो त्याच्याकडे न उडलेल्या तासाचे पैसे कोणत्या तोंडानं मागायचे? मार्चअखेर हातात अडीच हजार डॉलर आले, त्यातून विमा गेला. नवऱ्याचा पगार होता म्हणून घर चाललं. तो काही बोलला नाही, पण मला रात्री झोप लागत नव्हती.

याच काळातला एक दिलासा नोंदवून ठेवते. स्वतंत्र व्यवसाय म्हटला की प्राप्तिकर तिमाही भरावा लागतो: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढचा १५ जानेवारी, आणि त्यात १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा धरायचा असतो. त्या वर्षी वादळांमुळे आमच्यासह कॅलिफोर्नियाच्या बहुतेक काउंट्यांना आयआरएसनं, म्हणजे इथल्या कर खात्यानं, मुदत ऑक्टोबरपर्यंत वाढवून दिली, पुढे नोव्हेंबरपर्यंत. तेवढ्यानं मी तरले. दर वर्षी असं होणार नाही, तेव्हा मिळालेल्या प्रत्येक रकमेतला चौथा हिस्सा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका.

एप्रिलमध्ये आकाश उघडलं आणि मी सगळ्यांचे बुडालेले धडे भरून काढायला लागले. इथे माझी पहिली मोठी चूक झाली. एका शनिवारी सकाळी सातपासून चार विद्यार्थी पाठोपाठ घेतले. नियमानं इन्स्ट्रक्टरला कुठल्याही सलग २४ तासांत हवेत ८ तासांपेक्षा जास्त शिकवता येत नाही. मी साडेसहावर होते, म्हणजे कागदावर सगळं ठीक. चौथी विद्यार्थिनी पाच वाजता आली. ती नर्स आहे, खूप मन लावून शिकते. तिसऱ्या लँडिंगला तिनं फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी विमानाचं नाक उचलणं, फार उंचावर केला, विमान धावपट्टीच्या वर तरंगत राहिलं आणि वेग पडत गेला. मी नियंत्रण हातात घेतलं, पण जितक्या लवकर घ्यायला हवं होतं तितक्या लवकर नाही. चाकं जोरात आपटली. विमानाला काही झालं नाही, आम्हालाही नाही. पण खाली उतरल्यावर तिला नीट समजावून सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "पुढच्या वेळी बघू" म्हणून मी निघाले. पुढची वेळ अकरा दिवसांनी आली आणि ती तोवर लँडिंगची धास्ती घेऊन बसली होती. तेव्हापासून दिवसाला तीन विद्यार्थ्यांची मर्यादा मी स्वतःला घातली आहे, हवा कितीही सुंदर असो.

जून उजाडला आणि नवं संकट आलं. पाऊस नाही, पण सकाळी समुद्रावरून येणारा ढगांचा थर. इथे त्याला मरीन लेअर म्हणतात. उन्हाळ्यात कितीतरी सकाळी तो हजार-बाराशे फुटांवर झाकण ठेवल्यासारखा बसतो आणि नऊ-दहा वाजल्याशिवाय विरत नाही. माझे सगळे नोकरदार विद्यार्थी सकाळी सातला यायचे, कारण नऊ-साडेनऊला त्यांची मीटिंग. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळचे नऊपैकी सात स्लॉट ढगांनी खाल्ले. स्कूलमध्ये असताना हे सांभाळायला फ्रंट डेस्क होता, म्हणून मला कधी जाणवलंच नव्हतं. मग वर्षाची दोन वेळापत्रकं केली. मे ते ऑगस्ट संध्याकाळी साडेपाच ते आठ, कारण जून-जुलैत सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो. सप्टेंबर ते एप्रिल सकाळी सात ते साडेनऊ. हिवाळ्यात सात वाजता अंधुक असतं, प्रीफ्लाइट, म्हणजे उड्डाणाआधीची विमानाची तपासणी, होईपर्यंत उजाडतं. तुमचा विमानतळ वेगळ्या हवेत असेल तर तुमचं कोष्टक वेगळं होईल, पण मागच्या दोन वर्षांचे हवेचे अहवाल काढून आपल्या धावपट्टीवर कोणत्या महिन्यात कोणते तास मोकळे असतात ते आधी बघा आणि मग विद्यार्थ्यांना वेळा द्या. एवढ्या एका बदलानं माझे जितके धडे वाचले तितके बाकी कशानंही वाचले नाहीत.

आता काकांविषयी, माझ्या एका विद्यार्थ्याविषयी. ते फ्रीमाँटचे, मूळ दादरचे, तेव्हा बासष्ट वर्षांचे आणि नुकतेच निवृत्त झालेले. लहानपणी सांताक्रूझच्या कुंपणाशी उभे राहून विमानं बघायचे. २० मे २०२३ ला ते पहिल्यांदा एकटे उडाले. तीन फेऱ्या, तिन्ही लँडिंग स्वच्छ. उतरल्यावर विमानाच्या पंखाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. जुलैच्या सुरुवातीला त्यांच्या आईची तब्येत बिघडली आणि ते मुंबईला गेले. "अगं, दोन आठवड्यांत येतो" म्हणाले. गणपती आटोपल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस परतले.

विद्यार्थ्यानं एकट्यानं उडायचं तर लॉगबुकात इन्स्ट्रक्टरची सही लागते आणि ती ९० दिवसांपुरतीच चालते. काकांची ऑगस्टमध्ये संपली होती. सही मी पुन्हा करू शकत होते, पण तीन महिन्यांच्या खंडानंतर हात आणि डोळे त्या जागी नव्हते. पुन्हा सही करण्याइतपत खात्री पटायला पाच उड्डाणं लागली. हिशोब केला तर दोन हजार डॉलरच्या वर गेले, आणि त्या पैशांत काका पुढे काहीच शिकले नाहीत, मे महिन्यात जिथे होते तिथेच परत आले. शिवाय त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२१ चं. चाळिशीनंतर तिसऱ्या श्रेणीचं प्रमाणपत्र २४ महिनेच टिकतं, म्हणजे तेही नोव्हेंबरअखेर संपणार. डॉक्टरची वेळ मिळायला तीन आठवडे. काकांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. त्यानं मला जास्त वाईट वाटलं, कारण हे सगळं मला जुलैतच दिसायला हवं होतं. त्यांना तेव्हाच सांगता आलं असतं, की परत आलात की एवढे दिवस आणि एवढे पैसे पुन्हा लागतील, मनाची तयारी ठेवा.

त्यानंतर मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे चार तारखा लिहिल्या: सोलोची सही कधी संपते, वैद्यकीय प्रमाणपत्र कधी संपतं, लेखी परीक्षेचे २४ महिने कधी संपतात, आणि तो चेकराइडच्या, म्हणजे अंतिम परीक्षेच्या, जवळ असेल तर तयारीचे तीन तास कोणत्या महिन्यात झाले. चौथ्या तारखेचं महत्त्व मला त्याच वर्षी दिवाळीत कळलं.

साताऱ्याचा मुलगा, माझा सगळ्यात जुना विद्यार्थी. डेटा सेंटर चालवणाऱ्या टीममध्ये होता, महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल. त्याची अंतिम परीक्षा ९ नोव्हेंबरला ठरली, वसुबारसेला. ही परीक्षा एफएएनं नेमलेला परीक्षक घेतो, त्याला डीपीई म्हणतात. आमच्या भागात परीक्षकांची तारीख मिळायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि ही आम्ही ऑगस्टमध्ये धरलेली. फी ८०० डॉलर, ४८ तासांच्या आत रद्द केली तर परत नाही, हे परीक्षकानं आधीच स्पष्ट सांगितलं होतं. आदल्या रात्री साडेनऊला मुलाचा फोन. मेसेज नाही, फोन, त्यामुळे उचलण्याआधीच पोटात गोळा आला. "ताई, इकडे सगळं डाउन आहे. मी रात्रभर इथेच आहे. सकाळी उडायच्या अवस्थेत नसेन."

"मग उडू नकोस," मी म्हणाले. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. रात्रभर जागलेल्या माणसानं विमानात बसायचं नाही, हे मीच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

८०० डॉलर गेले. पुढची तारीख ११ जानेवारी. मग नियम पुन्हा वाचताना लक्षात आलं, की परीक्षेच्या तयारीचे किमान तीन तास परीक्षेच्या महिन्याच्या आधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत व्हायला हवेत. आमचे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झालेले. जानेवारीसाठी ते बाद. डिसेंबरच्या पावसातून वेळ काढून पुन्हा तीन तास केले, नवी सही केली, आयाक्रा या एफएएच्या पोर्टलवर अर्ज पुन्हा भरला. तो जानेवारीत पास झाला, ७४ तासांना. मी विमानतळावरच्या बाकावर बसून रडले. आनंद होताच. पण त्या ७४ मधले किती तास माझ्या ढिल्या वेळापत्रकाचे होते, हा हिशोबही डोक्यात चालू होता.

तोवर मी नरमाईनं वागते म्हणजे विद्यार्थ्यांवर उपकार करते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात खंड पडला की त्याची किंमत तेच मोजत होते, तासाला २७५ डॉलरच्या दरानं. पैसे मागायचा संकोच त्या जानेवारीत गेला. पूर्ण नाही, पण कामापुरता गेला.

एक पानी करार केला, मराठी विद्यार्थ्यांशी बोलताना मराठीतून समजावला. प्रत्येकाला आठवड्यातले दोन ठरलेले स्लॉट. २४ तासांच्या आत कामासाठी किंवा इतर कारणानं रद्द केलं तर एका तासाची फी, ८५ डॉलर. हवेमुळे रद्द झालं तर काही नाही. आजारपण, झोप न झालेली, मन थाऱ्यावर नसणं, यासाठीही काही नाही, अगदी विमानाजवळ येऊन सांगितलं तरी. या शेवटच्या कलमावर मी सगळ्यात जास्त विचार केला. दंडाच्या भीतीनं कुणी तापात विमानात बसला, तर तो दंड मी घेऊच नये. उड्डाणाआधी स्वतःची तब्येत, औषधं, ताण, थकवा तपासायची ‘आय एम सेफ’ ही यादी आपण विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतो. तिचं प्रामाणिक उत्तर महाग पडता कामा नये. गैरफायदा घेतील, असं एका सहकाऱ्यानं बजावलं. गेल्या सव्वा वर्षात मला तरी तसा अनुभव आला नाही.

आगाऊ मोठी रक्कम मी घेत नाही. दहा तासांचे पैसे आधी घेतले तर हातात रोख खेळते हे खरं, पण उद्या मी आजारी पडले तर ते परत करताना जीव जाईल. त्याऐवजी महिन्याचा हिशोब असा धरते, की दहा स्लॉट लागले तर सहा उडतील. घरखर्च त्या सहावर बसवायचा.

पहिल्यांदा फी मागायची वेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. हात थरथरत होते. मी एवढंच लिहिलं: "आजच्या स्लॉटचे ८५. शुक्रवारी भेटूच." पाच मिनिटांत झेल या पैसे पाठवायच्या सेवेवरून पैसे आले, खाली "हो ताई, माझंच चुकलं". मी वर्षभर ज्याची धास्ती घेतली होती ते पाच मिनिटांत संपलं.

हवेमुळे रद्द झालेला स्लॉट मात्र आता सोडत नाही. वेळ तीच, फक्त विमानाऐवजी टेबल. हवेच्या अहवालांचं वाचन, सॅन होजे इंटरनॅशनलच्या हवाई हद्दीचे नियम, सालिनास-पासो रोब्लेसच्या लांब सोलो फेरीचं नियोजन, हे सगळं पावसाळी सकाळी होतं. विद्यार्थ्याला विमानाचं भाडं पडत नाही, मला माझा दर मिळतो आणि त्याची सवय मोडत नाही. उडायचं की नाही हा निर्णय आदल्या रात्री आठ वाजता आणि पुन्हा स्लॉटच्या दोन तास आधी असा दोनदा होतो. आधी विद्यार्थ्यानं त्याचं मत कारणासकट कळवायचं, मग मी माझं. पूर्वी मी एकटीच ठरवून सगळ्यांना कळवायचे. आता हाही धडाच झाला आहे.

विद्यार्थ्यानं रद्द केलेली वेळ भरायला माझ्याकडे दुसरी यादी आहे. परवाना असलेल्या प्रत्येक वैमानिकाला दर २४ कॅलेंडर महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू करावा लागतो: किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. या लोकांची घाई नसते. बरेचसे निवृत्त, काहींची स्वतःची विमानं. "आज दुपारी तीनला जागा झाली आहे" असा मेसेज टाकला की कुणीतरी येतंच. शिकाऊ विद्यार्थ्याला असं आयत्या वेळी बोलावू नका. तो तयारी न करता येतो आणि तास वाया जातो.

ठरलेले वार सगळ्यांना जमत नाहीत, हे नर्सनं शिकवलं. तिच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या, दर आठवड्याला वेगळ्या. दंडाचं कलम तिला लावणं अन्यायाचं झालं असतं. मग असं ठरलं, की तिचं चार आठवड्यांचं ड्युटीचं कोष्टक लागलं की त्याच दिवशी ती मला फोटो पाठवते आणि मी बाकी कुणाच्याही आधी तिच्या वेळा धरते. रात्रपाळीनंतरच्या दिवशी धडा नाही, ही तिचीच अट. आठवड्यातून दोनदा हे पाळलं जातं, वार कुठलाही असो. लँडिंगची धास्तीही त्यातूनच गेली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती पास झाली.

एकाला मी नाही म्हटलं. मार्च २०२४. सनीव्हेलचा मुलगा, उत्साही, पण पंधरा दिवसांतून एकदाच जमेल म्हणाला. मी त्याला काकांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला आणि म्हणाले, "आत्ता सुरू करू नकोस. लेखी परीक्षेचा अभ्यास कर, पैसे साठव, आणि आठवड्यातून दोनदा असे सलग तीन महिने मोकळे करता आले की ये. येताना त्या तीन महिन्यांत कोणत्या दिवशी येता येणार नाही त्याची यादी आण." ही यादी मी आता प्रत्येकाकडून पहिल्या भेटीतच मागते: ऑन-कॉलचे आठवडे, भारतात जायची तिकिटं, व्हिसाचं स्टँपिंग, मुलांच्या सुट्ट्या. त्या मुलाला माझं बोलणं लागलं. "बाकी इन्स्ट्रक्टर तर लगेच घेतात," म्हणाला. घेतात हे खरं आहे. तो गेल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होते, कारण त्या महिन्यात माझ्याकडे दोन स्लॉट रिकामे होते.

काकांनाही थांबायला सांगावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची आई गेली. परतल्यावर ते दहा-बारा दिवसांनी एकदा यायचे, चेकलिस्ट वाचताना मधेच थांबायचे. एप्रिलमध्ये मी म्हणाले, "काका, आपण चार महिने विमानाला हात लावू नये. सप्टेंबरला पहिल्या आठवड्यात सुरू करू. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी सात, तुमच्यासाठी ठेवते." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "नक्की ठेवशील ना?" मी वहीत त्यांच्यासमोर नाव लिहिलं.

मधल्या काळात ३० जुलै २०२४ पासून टीएसए या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेचे नवे नियम लागू झाले. अमेरिकेचा नागरिक असेल तर पासपोर्ट, किंवा जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र पाहून लॉगबुकात नोंद केली की काम होतं. पण ग्रीन कार्डवाले, एच-वन-बीवाले, म्हणजे आपल्यातले बरेच जण, यांना उड्डाणाचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी सुरक्षा तपासणी लागते. इन्स्ट्रक्टरनं पोर्टलवर स्वतःची नोंद करायची, विद्यार्थ्यानं अर्ज करायचा, १४० डॉलर भरायचे, बोटांचे ठसे द्यायचे आणि वाट बघायची. नव्या नियमात ही मंजुरी पाच वर्षांपर्यंत चालते, ही चांगली गोष्ट. माझ्याकडच्या एका डॉक्टर बाईंना साडेतीन आठवडे लागले. जमिनीवरचे धडे या अटीत येत नाहीत, तेव्हा ते आठवडे आम्ही टेबलावर घालवले. मंजुरी हातात येईपर्यंत विमानाची वेळ धरू नका. मी धरली आणि तीन वेळा सोडावी लागली.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी काका सातला दहा कमी असताना आले. सोलोची सही सहाव्या धड्यात झाली. नोव्हेंबरात सालिनास-पासो रोब्लेसची फेरी एकट्यानं करून आले. एकच तारीख डोक्यावर होती: लेखी परीक्षा त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलेली, म्हणजे फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीला ती बाद. परीक्षकाकडे म्हणून ऑक्टोबरमध्येच दोन तारखा मागितल्या, पहिली पावसात गेली तर दुसरी असावी म्हणून. परीक्षकानं समजून घेतलं. पहिली तारीख खरंच पावसात गेली.

दुसरी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. मी त्या दिवशी मुद्दाम दुसरा कुठलाही स्लॉट घेतला नव्हता. दुपारी सव्वादोनला काकांचं विमान टॅक्सीवेवरून आत आलं, इंजिन बंद झालं आणि परीक्षक आधी उतरले. त्यांनी माझ्याकडे बघून होकारार्थी मान हलवली. काका आतच बसून होते. मी दार उघडलं तेव्हा म्हणाले, "आईला सांगायला हवं होतं." मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

त्या रात्री वहीत मंगळवार आणि शुक्रवार सकाळी सातसमोरचं काकांचं नाव खोडलं. थांबलेल्यांच्या यादीत सगळ्यात वर सनीव्हेलचा मुलगा होता. त्याचा मेसेज डिसेंबरमध्येच आला होता, लेखी परीक्षा पास झाल्याचा. मी त्याला लिहिलं: "मंगळवार-शुक्रवार सकाळी सात मोकळे झाले आहेत. हवे आहेत का?"

चार मिनिटांत उत्तर आलं. "हो ताई." खाली एक फोटो जोडलेला होता, मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत त्याला कोणत्या दिवशी येता येणार नाही त्याची, हातानं लिहिलेली यादी.